थोरलीची पाणबुडी

थोरलीला दुकानातल्या स्टुलावर बसवलं तेव्हा घरच्यांना वाटलं, आता ही स्वस्थ बसेल. तिला इतकी वर्षं जवळून पाहिलेल्या माणसांना असं वाटावं, याचंच नवल.

दुकान नळांचं. वडिलांनी काढलेलं आणि त्यांच्यामागे दोघा भावंडांनी चालवलेलं. धाकटा बोलायला गोड, म्हणून गिऱ्हाईक आणि माल त्याच्याकडे. थोरली हाताची पक्की, म्हणून पाइपांचे सांधे तिच्याकडे. लोकांच्या बेसिनखाली आडवं पडून तिने अर्धं आयुष्य काढलं होतं. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "वेळ कुठे मिळाला? सगळ्यांचे नळ गळत होते."

मग एके दिवशी ध्यानीमनी नसताना तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. त्यातून ती उठली. जीभ सगळ्यात आधी ठिकाणावर आली, आणि भावजयीच्या मते ती जरा उशिरा आली असती तरी चाललं असतं. पाय सुधारला. हातही उचलला जाऊ लागला, मूठ वळू लागली, पाना धरता येऊ लागला. थोरलीने दुसऱ्याच दिवशी हत्यारांची पिशवी खांद्याला लावली.

पहिलंच काम निघालं दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात. बेसिनचा सांधा बदलायचा होता. तिने तो बदलला, नळ सोडून पाहिला आणि ऐटीत घरी आली. दुपारी सांधा सुटला. पाणी फरशीतून झिरपत खालच्या शिंप्याच्या दुकानात उतरलं आणि तिथे एका नवरदेवाचा शिवून टांगलेला सूट भिजून चिंब झाला. शिंपी सज्जन होता, तो नुसताच डोकं धरून बसला. डॉक्टरीणबाई तेवढ्या सज्जन नव्हत्या.

धाकट्याने पिशवी काढून घेतली आणि गल्ल्यामागच्या उंच खुंटीला टांगली. "ताई, तू आता बस," तो म्हणाला. "खूप केलंस. महिनाअखेर एक कारागीर येतोय, हुशार आहे म्हणतात. बाहेरची कामं तो बघेल."

"आणि पिशवी?"

"पिशवी त्यालाच लागणार ना."

त्या पिशवीत वडिलांचा पाना होता. थोरलीने खुंटीकडे हात वर केला, पण तो पोचला नाही.

"एकदा चुकलं माझं," ती म्हणाली. "परत करून दाखवते."

"दाखवणार कुठे, ताई? लोकांच्या घरात? पुन्हा कुणाचं छत गळलं तर आपल्याला दुकान बंद करावं लागेल."

त्याचं खरं होतं. म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला.

डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं होतं. बागेत तळ्याभोवती एक फेरी मारायची आणि घरी यायचं. तळ्यावर रविवारी रिमोटच्या बोटी सोडणारी मंडळी जमत. वयाने चांगली मोठी, टक्कल पडलेली माणसं चिमुकल्या बोटींसाठी एकमेकांशी भांडत, आणि थोरली त्यांच्याकडे रिकामटेकड्यांकडे पाहावं तसं पाहून पुढे जाई. त्या रविवारी मात्र ती थांबली. एका बुटक्या म्हाताऱ्याची करडी, लांबट बोट तळ्याच्या मध्यावर गेली आणि बुडाली. कुणी धावलं नाही. म्हाताऱ्याने शांतपणे एक दांडी पुढे ढकलली, आणि बोट पलीकडच्या काठाजवळ पाण्यातून वर आली.

त्याने ती उचलली, पुसली, वरचं कवच काढलं आणि आतली काचेसारखी पारदर्शक नळी उघडली. थोरलीने विचारायच्या आधीच वाकून आत पाहिलं. आत मोटर होती, बॅटरी होती, तारांचा गुंता होता, आणि सगळं ठणठणीत कोरडं होतं.

"टोपणाला काय लावलंत?" तिने विचारलं.

"रबरी रिंग. दोन्ही टोकांना. वर थोडं ग्रीस."

"आणि पंख्याचा दांडा बाहेर येतो तिथे?"

म्हाताऱ्याने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. लोक त्याला वेग विचारत, किंमत विचारत, दांड्याचं आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्याला सगळे कप्तान म्हणत. नोकरी त्याने पोस्टात शिक्के मारण्याची केली होती आणि समुद्रावर एकदाच गेला होता, तेव्हा बोट सुटायच्या आधीच त्याला मळमळलं होतं. पण पाणबुडीचं वेड खरं होतं, आणि ऐकणारं माणूस मिळाल्यावर तो थांबणाऱ्यातला नव्हता.

थोरली घरी आली ती थेट गल्ल्यापाशी. "मी पाणबुडी करणार," तिने धाकट्याला सांगितलं. "त्यात सांधे आहेत, पाणी आहे आणि खाली कुणी शिंपी नाही. पाण्याखाली जाऊन परत आली आणि आतून कोरडी निघाली, तर पिशवी माझी."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला, "पण महिनाअखेरच्या आत." बहिणीचं मन कशात तरी रमेल, एवढाच त्याचा हिशेब होता. थोरलीला तो कळला, आणि तिने तो मनात जपून ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून दुकानाच्या मागच्या खोलीत पसारा सुरू झाला. कप्तान येऊन बसायचा आणि शिकवायचा. बाहेरचं कवच वेगळं, आतली नळी वेगळी. मोटर, बॅटरी, सुकाणू हलवणारी छोटी यंत्रं सगळी आतल्या नळीत, आणि ती नळीच तेवढी कोरडी राहायला हवी. नळीच्या पोटात एक मोठी पिचकारी. दट्ट्या मागे ओढला की पिचकारीत पाणी येतं, बोट जड होऊन खाली जाते. दट्ट्या पुढे सारला की पाणी बाहेर, बोट वर. रिमोट त्याने स्वतःचा जुना दिला, हातभर लांब एरियलचा. नव्या रिमोटच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत म्हणे, पृष्ठभागावरच मरतात.

"आणि ही परतीची कळ," त्याने आतलं एक बारकंसं सर्किट दाखवलं. "तुमचा रिमोट बंद पडला, संपर्क तुटला, की ही आपोआप पिचकारी रिकामी करते. बुडायला काय, दगडही बुडतो. आपल्याला परत यायचंय."

"मलाही," थोरली म्हणाली.

बाहेरच्या कवचासाठी तिने सांडपाण्याचा करडा पाइप घेतला. दुसरं काही घेणं तिला जमलंच नसतं. नाक म्हणून पुढे गोल टोपण, मागे निमुळता तुकडा. कापायला जिथे पूर्वी दोन मिनिटं लागत तिथे अख्खी सकाळ गेली. उजव्या हातातून करवत निसटायची. तिने पाइप गुडघ्यांत धरला, करवत डाव्या हातात घेतली आणि दात-ओठ खात कापत राहिली. कप्तान मदतीला उठला तेव्हा तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत बसला.

पहिली चाचणी दुकानातच झाली. दर्शनी काचेमागे एक अंघोळीचा टब मांडलेला होता. कैक वर्षं तो विकला जात नव्हता. धाकट्याने हौसेने आणलेला, गुलाबी रंगाचा. थोरलीने तो काठोकाठ भरला, आतल्या नळीच्या दोन्ही टोपणांचे स्क्रू आवळले, आणि वडिलांची रीत म्हणून नळीत वर्तमानपत्राची एक पट्टी टाकली. वडील प्रत्येक नव्या सांध्याला अशी कागदाची पट्टी गुंडाळून ठेवायचे. तासाभराने सोडून ओठाला लावायचे. बोटाला न कळणारी ओल ओठाला कळते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यांच्या मिशा कायम शाईने माखलेल्या असत.

"वन्सं," भावजय म्हणाली, "बाहेर माणसं जमलीत. त्यांना वाटतंय आपण मासे विकायला काढलेत."

"विकले गेले तर विक. टब तरी जाईल."

नळी पाण्याखाली दाबून धरली आणि क्षणात टोपणाच्या कडेने बुडबुड्यांची माळ वर आली. काढून उघडली तर पट्टीचा लगदा झाला होता. बरं तर बरं, मोटर अजून बसवली नव्हती.

कप्तान हळहळला. थोरली हळहळली नाही. तिने टोपण काढलं, रबरी रिंग बोटांवर घेतली आणि उजेडाकडे धरली. एका बाजूला रिंग चेपून फाटली होती. दुसरी बाजू जशीच्या तशी. म्हणजे एका बाजूचे स्क्रू जिवाच्या आकांताने आवळलेले आणि दुसऱ्या बाजूचे बरोबर. ज्या बाजूचे जास्त आवळले होते, त्या बाजूला उजव्या हाताने पेचकस फिरवला होता.

ती तशीच टबाच्या काठावर बसली. हातात जोर परत आला होता, पण जोर किती लागतोय हे आता तो हात तिला सांगत नव्हता. दवाखान्यातही हेच झालं असणार. सांधा सैल राहिला नव्हता, तिने तो आवळून आवळून फोडला होता. आजवर तिला कुणी विचारलं नव्हतं की असं झालं कसं. सगळ्यांनी नुसतंच 'बिचारी' म्हटलं होतं. आणि तिने स्वतःला तरी कुठे विचारलं होतं? तिला रडू आलं. ते तिने येऊ दिलं, नाक पुसलं आणि कप्तानला म्हणाली, "नवी रिंग द्या."

त्यानंतर तिने कामं वाटून दिली. उजव्याने फक्त धरायचं, आवळायचं डाव्याने. साठीकडे झुकलेल्या बाईने डाव्या हाताला पाना शिकवायचा म्हणजे गंमत नव्हे. ती दुकानातला प्रत्येक नळ डाव्या हाताने सोडायची आणि पुन्हा आवळायची. भाजी चिरायला बसली तरी डाव्या हाताने, आणि त्या दिवसांत घरात भाजीचे तुकडे बोराएवढे नाहीतर विटेएवढे. धाकटा ताटात पाही आणि मुकाट्याने जेवी. पण टबातली पट्टी एकदा दमट निघाली, मग नुसती गार लागली, आणि शेवटी एकदा कुरकुरीत कोरडी निघाली. त्या दिवशी थोरलीच्या ओठावर शाई होती आणि ती तिने दिवसभर पुसली नाही.

आता उरलं बाहेरचं कवच. त्याला वरून आणि खालून भरपूर भोकं पाडा, कप्तानने बजावलं होतं, म्हणजे पाणी आत शिरेल आणि हवा बाहेर जाईल. थोरलीने ऐकलं सगळं. खालून चार भोकं पाडलीही, प्रत्येक वेळी डोळे बारीक करून. वरून मात्र तिचा हात धजेना. धडधाकट पाइपाला, तोही वरच्या अंगाला भोक पाडायचं? जन्मभर जे बुजवलं ते आता आपल्याच हाताने करायचं? पाणी खालून शिरतंय ना, मग झालं, असं तिने स्वतःला समजावलं. उलट कवचाची वरची फट तिने सवयीने सील लावून छान बंदही केली. टबात बोट बुडेना तेव्हा तिने पोटाला आणखी शिसं लावलं. मग बुडाली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी तळ्यावर धाकटा आला, भावजय आली, बोटवाली टकली मंडळी तर होतीच. नवा कारागीर दुसऱ्या दिवशी यायचा होता. थोरलीने बोट पाण्यात सोडली. ती झकास चालली, वळली, काठाला समांतर गेली. कुणीतरी शाबास म्हटलं. मध्यावर पोचल्यावर थोरलीने पिचकारी भरण्याची दांडी मागे ओढली आणि नाक खाली केलं.

नाक खाली गेलं ते जातच राहिलं. शेपूट क्षणभर हवेत उभं राहिलं, पंखा हवेत फिरला, आणि बोट डोक्यावर उभी होऊन सरळ तळाशी गेली. थोरलीने नाक वर करण्याची दांडी ओढली, पुन्हा ओढली. काही नाही.

"रिमोट बंद करा," कप्तान म्हणाला. "परतीची कळ आहे ना."

तिने बंद केला. सगळे पाण्याकडे बघत राहिले. पाण्यावर एक बदक आलं, फिरलं, निघून गेलं. बोट आली नाही.

"नाक चिखलात रुतलं," कप्तान हळूच म्हणाला. "पिचकारी रिकामी झाली असेल, पण चिखल सोडत नाही. गळ आहे माझ्याकडे, दोरीला बांधून ओढू."

"गळ कशात अडकेल?"

"मिळेल त्यात. कवचात, नाहीतर टोपणात."

"मग टोपण उचकटेल आणि पाणी शिरेल," थोरली म्हणाली. "आणि मी म्हणणार गळाने केलं, हा म्हणणार सांध्याने केलं. गळ नको."

धाकटा बूट काढून विजारीचे पाय दुमडत होता. "ताई, मी उतरतो. खोल नाहीये फार."

"तू उतरलास तर चिखल ढवळून तीच पायाखाली घेशील. बस तिथे."

"अगं पण किती वेळ?"

"बस म्हटलं ना," ती म्हणाली, आणि एवढे दिवस स्टुलावर बसून राहिलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकून धाकटा खरोखर गवतावर बसला.

ती विचार करू लागली. शेपूट का वर उचललं गेलं? काहीतरी शेपटाकडे पळालं. हलकं काहीतरी. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि स्वतःच्याच श्रीमुखात द्यावीशी वाटली. हवा. कवचाच्या वरच्या अंगाला हवा अडकलेली होती, बाहेर जायला भोकच नव्हतं. नाक खाली झालं तशी सगळी हवा शेपटात गेली. पाइपात हवा धरते म्हणून पाणी येत नाही, हे तिने हजार घरांत हजार लोकांना समजावलं होतं, जरा तुच्छतेनेच.

पण म्हणजे शेपटात आता हवा होती. ती शेपूट वर ओढत असणार. पिचकारीही रिकामी. बोटीला वर यायचंच होतं, फक्त नाक मोकळं व्हायला हवं होतं. आणि रुतलेली गोष्ट सोडवायला तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. गंजलेल्या व्हॉल्व्हला एकाच दिशेने जोर केला की तो तुटतो. त्याला थोडं पुढे, थोडं मागे, थोडं पुढे, थोडं मागे असं मनवावं लागतं.

तिने आधी पिचकारीची दांडी रिकामीवर ठेवली, मगच रिमोट चालू केला. रिमोट उजव्या हाताने छातीशी धरला, डावा अंगठा मोटरच्या दांडीवर ठेवला. जरा मागे. सोड. जरा पुढे. सोड. जरा मागे. पाण्यावर काही दिसत नव्हतं. टकल्या मंडळींपैकी एक जण घड्याळ बघून निघून गेला, मग दुसरा. भावजय मात्र हलली नाही. ती येऊन थोरलीच्या उजव्या बाजूला उभी राहिली आणि तिच्या कोपराखाली आपला हात दिला, कारण रिमोट खाली घसरायला लागला होता. थोरलीने तो हात झटकला नाही.

मग मध्यावर पाणी गढूळ झालं. तपकिरी ढग वर आला आणि त्यातून आधी पंखा, मग शेपूट, आणि मग चिखलाने माखलेली अख्खी बोट आडवी होऊन वर आली.  कप्तानने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

काठाला आल्यावर थोरलीने कवच काढून आतली नळी बाहेरून पुसली, दोनदा, टोपणांच्या खाचांतूनसुद्धा, म्हणजे बाहेरचा थेंब आत पडायला नको. मग ती नळी धाकट्याच्या हातात दिली. "तू उघड."

धाकट्याने टोपण काढलं. दोन बोटं आत घालून वर्तमानपत्राची पट्टी ओढून काढली आणि ती उलटीसुलटी करून पाहिली. मग, बहुधा त्याच्याही नकळत, वडिलांसारखी ओठाला लावली. पट्टी कुरकुरीत कोरडी होती. तो ओठावर शाई घेऊनच घरी आला.

सोमवारी सकाळी थोरली दुकानात आली तेव्हा खुंटी रिकामी होती आणि पिशवी तिच्या स्टुलावर होती. नवा कारागीर दारात अवघडून उभा होता. चांगला बाप्या माणूस, त्याला काय चाललंय ते कळत नव्हतं. "तुम्हालाही कामं आहेत, काळजी नको," थोरलीने त्याला सांगितलं आणि धाकट्याला म्हणाली, "पिशवी तू उचल. वजन मला झेपत नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय."

"ताई, पहिल्याच दिवशी तिथे? त्या उभं करणार नाहीत."

"तू बोलायला गोड आहेस ना. बोल."

तो बोलला. डॉक्टरीणबाईंनी हाताची घडी घालून, दारातच उभं राहून परवानगी दिली. खालचा शिंपी जिना चढून वर आला आणि कोपऱ्यात बसला, आणि येताना त्याने दुकानातले सगळे कपडे भिंतीकडे सरकवले होते.

थोरली बेसिनखाली आडवी झाली. त्या दिवसानंतर दुसऱ्याच कुणीतरी घाईघाईत ठोकलेला सांधा तिने काढून टाकला. नवी रिंग बसवली. उजव्या हाताने पाइप धरला, डाव्या हातात वडिलांचा पाना घेतला आणि आवळत गेली. एका जागी डावा हात थांबला. तो म्हणाला बास, आणि तिने बास केलं. नळ सोडला, सांध्याभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळली आणि बाहेर येऊन फरशीवर भिंतीला टेकून बसली.

धाकटा वाकून पाहत होता. पाना जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, सांध्यापाशी नेला, अजून एकच पीळ द्यावा, खात्रीसाठी.

 थोरलीने फक्त त्याच्याकडे पाहिलं.

धाकट्याचा हात तिथेच थांबला. मग त्याने पाना पुसला, पिशवीत ठेवला, आणि कागद सोडायची वेळ होईपर्यंत बहिणीशेजारी फरशीवर बसून राहिला.